जाहिरातींचा न्यायनिवाडा कोणी करावा?

पुणे रेल्वे स्थानकानजीकच्या जुन्या बाजाराच्या चौकात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी एका जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा भर रहदारीच्या रस्त्यावर कोसळला आणि चार निरपराध माणसे प्राणास मुकली. एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे तसाच एक सांगाडा पडून पाच जण दगावले. मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले आणि फलकाची लांबी, रुंदी, पाया, परवाना यांविषयी वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. ते योग्यच झाले. परंतु आम्हांस एक वेगळाच प्रश्न पडतो. सांगाड्याचा पाया तपासण्यास महानगरपालिका आहे. त्या सांगाड्यावर चढवलेल्या शब्दांना सत्याचा पाया आहे की नाही, हे कोण तपासतो? मधुमेह मुळापासून बरा करण्याची ग्वाही, शंभर टक्के नोकरीची हमी, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावरील स्वप्नातले घर, हे सारे शब्दही माणसांच्या अंगावरच कोसळत असतात. फरक इतकाच की, त्यांच्याखाली चिरडलेल्यांचा पंचनामा होत नाही.

या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते. जाहिरातदारांनी स्वतःच स्वतःला शिस्त लावून घेतली आहे. त्यासाठी त्यांची एक परिषद आहे. सबब शासनाने व न्यायालयांनी चिंता करू नये. हे उत्तर कितपत खरे आहे आणि ते न्यायालयाच्या कसोटीला उतरते काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. विषय कायद्याचा आहे खरा, पण तो वकिलांपुरता नाही. ज्या घरात सकाळी वर्तमानपत्र पडते आणि ज्या घरात मुलांच्या हाती मोबाईल आहे, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

प्रथम या परिषदेची ओळख करून घेऊ. भारतीय जाहिरात मानक परिषद, जिला सर्वत्र ‘ॲस्की’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात, ती १९८५ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या जन्माचा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात दुरुस्ती होऊन दिशाभूल करणाऱ्या जाहिराती ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली होती. कायद्याचे पाऊल दारात वाजले आणि व्यवसायाने घर आवरायला घेतले, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच अनुदार ठरू नये. परिषद ही नफा न कमावणारी कंपनी आहे. जाहिरात देणारे उद्योग, जाहिराती तयार करणाऱ्या संस्था आणि त्या छापणारी वा दाखवणारी माध्यमे हे तिचे सभासद. तिच्या संहितेची चार सूत्रे आहेत: जाहिरात सत्य असावी, ती सभ्यतेस धक्का देणारी नसावी, घातक वस्तूंचा व कृत्यांचा तिने प्रसार करू नये, आणि प्रतिस्पर्ध्याशी ती न्यायाने वागणारी असावी. तक्रार आली म्हणजे ती एका ग्राहक तक्रार मंडळापुढे जाते. या मंडळात व्यवसायाबाहेरील डॉक्टर, वकील, ग्राहक कार्यकर्ते अशा मंडळींना बहुमत दिलेले आहे. निर्णयावर फेरविचार मागायचा झाल्यास निवृत्त न्यायाधीशांपुढे जाण्याचीही सोय आहे.

या व्यवस्थेची चांगली बाजू आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तक्रार करण्यास सामान्य माणसाला शुल्क पडत नाही, वकील लागत नाही, आणि निकाल काही आठवड्यांत लागतो. २०२३-२४ या वर्षात परिषदेने दहा हजारांहून अधिक तक्रारी विचारात घेतल्या आणि आठ हजारांवर जाहिराती तपासल्या. आमच्या न्यायालयांतील दिरंगाई पाहता हे काम थोडे नव्हे. शिवाय तत्त्व म्हणूनही आम्ही अशा व्यवस्थेच्या विरोधात नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले आहे की, जे कार्य लहान समूह आपल्या बळावर नीट करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. व्यवसायाने आपली शिस्त आपण सांभाळावी, हे या शिकवणुकीला धरूनच आहे. पण त्याच शिकवणुकीची दुसरी बाजूही आहे. लहान समूहाला जेथे ते कार्य झेपत नाही, तेथे मोठ्या सत्तेने मदतीस धावले पाहिजे. नेमकी हीच बाजू जाहिरात व्यवसायाचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

आता वादाच्या मुळाशी येऊ. परिषदेच्या निर्णयाला बळ कोठून येते? सभासदत्वातून. जो सभासद झाला त्याने संहिता पाळण्याचा शब्द दिला. तो शब्द मोडला तर त्याला जाब विचारता येतो. परंतु जो सभासदच नाही त्याचे काय? हा प्रश्न १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. प्लायवूड बनवणाऱ्या सेंच्युरी प्लायबोर्ड्स या कंपनीने परिषदेला न्यायालयात खेचले आणि आम्ही तुमचे सभासद नाही, तेव्हा आमच्या जाहिरातींवर निवाडा देण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असा सवाल केला. न्यायालयाने हा मुद्दा ग्राह्य धरला. स्वेच्छेने एकत्र आलेल्या कंपनीचे नियम त्या कंपनीबाहेरच्या माणसाला बांधू शकत नाहीत, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. आमच्या सोसायटीचा ठराव शेजारच्या सोसायटीवर लादता येत नाही, तसेच हे.

कायदेशीर दृष्ट्या हा आक्षेप बिनतोड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्याचा परिणाम काय होतो, तेही पाहावे. ज्याला खरे बोलायचे आहे तो सभासद होतो आणि नियमांनी बांधला जातो. ज्याला खोटे बोलायचे आहे त्याने फक्त बाहेर राहायचे! मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या आपल्या लौकिकासाठी परिषदेचे ऐकतात. पण लहान गावच्या केबलवर लठ्ठपणाचा पट्टा विकणारा, रस्त्यावरच्या खांबांना मूळव्याधीच्या उपचाराची पत्रके चिकटवणारा, मोबाईलवर जुगाराचे आमिष दाखवणारा परदेशी धंदेवाला, यांना कोणत्या सभासदत्वाची चाड? कुंपण घातले आहे. पण ते फक्त पाळीव जनावरांसाठी, अशी ही गत आहे.

पुढे शासनाने या कुंपणाला एका बाजूने काटेरी तार जोडली. २ ऑगस्ट २००६ रोजी केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन असे ठरले की, मुंबईच्या या परिषदेने वेळोवेळी स्वीकारलेल्या संहितेचा भंग करणारी कोणतीही जाहिरात केबलवरून दाखवता येणार नाही. खासगी कंपनीची संहिता अशा रीतीने कायद्याच्या आत आली. १२ जानेवारी २०१७ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही दूरचित्रवाणी व नभोवाणीच्या संदर्भात या स्वनियमनाची दखल घेऊन त्यास मान्यता दिली आणि तक्रार कोठे करावी हे शासनाने लोकांना नीट कळवावे, असे सांगितले. तथापि अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, मेट्रो टायर्सच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परिषदेची व्यवस्था ही न्यायालयांना पूरक आहे, ती न्यायालयांची जागा घेऊ शकत नाही. परिषदेच्या निर्णयाने दुखावलेल्याला दिवाणी न्यायालयाचा दरवाजा खुला आहे.

या सर्व निकालांची बेरीज करून पाहिली तर काय चित्र दिसते? एकच खोटे वाक्य दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आले तर कायद्याने निषिद्ध. तेच वाक्य लक्ष्मी रस्त्यावरच्या फलकावर झळकले तर केवळ शिफारशीचा विषय. आणि २०२३-२४ मध्ये परिषदेने तपासलेल्या जाहिरातींपैकी बहुसंख्य, शंभरात सुमारे पंच्याऐंशी, या दूरचित्रवाणीवरच्या नव्हे तर इंटरनेटवरच्या होत्या. म्हणजे तार जेथे घातली तेथून जनावरे केव्हाच निघून गेली आहेत.

आम्हांस याहून मोठी आपत्ती दिसते ती परिषदेच्या दुहेरी रूपाची. निवाडा देताना ती न्यायासनासारखी बोलते. परंतु तिच्या निवाड्याला आव्हान दिले की आम्ही तर एक खासगी संस्था, आमची ती केवळ शिफारस, असे म्हणण्याची वाट तिला मोकळी असते. ज्याची जाहिरात अन्यायाने थांबवली गेली त्यालाही हे बाधक आहे आणि ज्या ग्राहकाची तक्रार फेटाळली गेली त्यालाही. सेमिनरीत कायद्याचे पाठ गिरवताना आम्हांस जे पहिले सूत्र शिकवले गेले ते हे की, कोणीही स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये. मंडळात बाहेरच्या मंडळींचे बहुमत आहे हे खरे. परंतु ती मंडळी नेमते कोण? ज्यांच्या वर्गणीवर संस्था चालते तेच. आम्ही कोणाच्या सचोटीवर शंका घेत नाही. परंतु न्याय हा सचोटीच्या भरवशावर नव्हे, तर रचनेच्या भक्कमपणावर उभा असावा लागतो.

दुसरी गोष्ट शिक्षेची. परिषदेचा निकाल विरुद्ध गेला तर जाहिरातदाराने काय करायचे? जाहिरात मागे घ्यायची अथवा बदलायची. दंड नाही, भरपाई नाही, आणि ज्यांनी त्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले त्यांना एक रुपयाही परत नाही. जाहिरातीचे आयुष्य मुळातच अल्प असते. क्रिकेटच्या हंगामासाठी केलेली जाहिरात हंगाम संपता संपता मागे घेतली, तर त्यात गमावले काय? चोराने चोरीचा माल विकून झाल्यावर रिकामी पिशवी परत करावी, त्यातलाच हा प्रकार.

येथे आमच्या धर्मग्रामातील एक उदाहरण सांगणे अस्थानी होणार नाही. एका कष्टाळू कुटुंबातील वडिलांना अनेक वर्षांचा मधुमेह. वर्तमानपत्रातल्या एका अर्ध्या पानाच्या जाहिरातीवर विश्वासून त्यांनी इन्सुलिन सोडले आणि महिनोन्महिने महागडे चूर्ण घेतले. पायाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आम्ही त्यांना प्रभुभोज देण्यास घरी जातो तेव्हा त्यांची पत्नी एकच गोष्ट विचारते: “फादर, पेपरात छापून आलं होतं ना?” त्या माऊलीच्या लेखी छापील शब्द म्हणजे जबाबदार माणसाने दिलेला शब्द. तिचा तो विश्वास खुळा नाही. तो सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. त्याच विश्वासावर जाहिरातदार आपले दुकान मांडतो आणि त्याच विश्वासाला तो आग लावतो.

कोणी म्हणेल, याला तर कायदा आहेच. आहे, आणि तो फार जुना आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला. मधुमेह, कर्करोग इत्यादी चोपन्न व्याधींची यादी त्याला जोडलेली आहे आणि त्यांवर रामबाण इलाजाची जाहिरात करणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. तरीही अशा जाहिराती राजरोस छापल्या जातात. कायदा कपाटात झोपला होता म्हणूनच भारतीय वैद्यक संघटनेला, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनला, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींवरून गाजलेले प्रकरण ते हेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ताकीद दिली. ती पाळली गेली नाही म्हणून अवमानाची नोटीस निघाली. वर्तमानपत्रांत जाहीर माफीनामे छापावे लागले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण बंद झाले. मधल्या काळात, ७ मे २०२४ रोजी, न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येक जाहिरातदाराने आपली जाहिरात दिशाभूल करणारी नाही असे स्वयंघोषणापत्र आधी दाखल करावे.

याच खटल्यात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागेल, असा नियम १७० हा २०१८ साली करण्यात आला होता. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले की, या नियमाखाली कारवाई करू नका. आणि १ जुलै २०२४ रोजी तो नियमच वगळून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली. परंतु ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली निघाली आणि त्याबरोबर ती स्थगितीही संपुष्टात आली. वाचकांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. व्यवसायाचे स्वनियमन अपुरे पडले हे जितके खरे, तितकेच शासनाचे नियमनही पेंगले हे खरे. म्हणून सगळे काही सरकारच्या हवाली करा असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीलाही आम्ही बसत नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत जड मुद्दा घेऊ. तो म्हणजे भाषणस्वातंत्र्याचा. जाहिरातदार म्हणतात, आमच्यावर कायद्याचा बडगा उगारला तर आमच्या अभिव्यक्तीचा गळा घोटला जाईल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अल्पसंख्य समाजाला तर भाषणस्वातंत्र्याचे मोल इतरांहून अधिक कळते. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध औषधांच्या व्यापारी जाहिरातीला त्या स्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण नाकारले. तरी त्याच निकालात १९५४च्या कायद्यातील अतिव्याप्त तरतुदी रद्दही केल्या. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्तीच आहे आणि ती ऐकण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आम्हांस हे दोन्ही निकाल मान्य आहेत. परंतु ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क आहे म्हणून जाहिरातीला संरक्षण मिळते, हे जर टाटा प्रेस निकालाचे मर्म असेल, तर खोटी माहिती देणारी जाहिरात त्या संरक्षणावर कोणत्या तोंडाने हक्क सांगणार? विहिरीचे पाणी सर्वांना मिळावे म्हणून विहीर राखायची. तीत विष कालवणाऱ्याने विहिरीच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे करू नये.

बाहेरच्या जगाचा अनुभवही येथे उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये जाहिरात व्यवसायाने १९६२ साली अशीच स्वायत्त संस्था उभारली. १९८९ साली एका विमा कंपनीने तिच्या निर्णयाला आव्हान दिले, तेव्हा तेथील न्यायालयाने म्हटले की, संस्था खासगी असली तरी ती सार्वजनिक कार्य करते, ती नसती तर ते कार्य शासनाला करावे लागले असते. सबब तिच्या निर्णयांची आम्ही चिकित्सा करू. तत्पूर्वी १९८८ मध्येच तेथे नियम होऊन, जो जाहिरातदार संस्थेचे ऐकणार नाही त्याला न्यायालयात नेण्याचा अधिकार एका सरकारी अधिकाऱ्याला मिळाला होता. म्हणजे स्वनियमनाच्या पाठीशी कायदा उभा राहिला आणि डोक्यावर न्यायालय आले. याउलट अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रांच्या संघटनेने आपली एक संहिता चालवली होती. तीतील काही कलमे जाहिरातींची वेळ कृत्रिमरीत्या आखडून तिचे मोल वाढवणारी आहेत, असा आरोप ठेवून तेथील न्याय खात्याने १९७९ साली दावा गुदरला. १९८२ मध्ये निकाल संघटनेच्या विरुद्ध गेला आणि संघटनेने संहिताच गुंडाळून ठेवली. तिच्याबरोबर मुलांच्या संरक्षणासाठी केलेली चांगली कलमेही गेली. खासगी नियमांच्या मागे लोकांचा कायदा नसला की, न्यायालयाच्या एका फटक्यात वाईटाबरोबर चांगलेही वाहून जाते, हा धडा आम्ही घ्यावयास हवा.

आणि धडा घेण्यासाठी दर वेळी परदेशीच जावे लागते असेही नाही. आपल्या पुण्याचेच पाहा. घरबांधणीच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, आणि खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे गुंतवलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये जाहिरातींवर नजर ठेवण्याचे काम याच जाहिरात मानक परिषदेवर सोपवले. परिषदेने शोधायचे आणि प्राधिकरणाने दंड करायचा, अशी वाटणी झाली. नोंदणी क्रमांक अथवा क्यूआर कोड न छापल्याबद्दल २०२४ पर्यंत राज्यातील ६२८ प्रकल्पांना सुमारे ८९ लाख रुपयांचा दंड झाला. त्यांत पुणे विभागातील २५० प्रकल्प होते. परिणाम असा की, आज कोणत्याही फलकावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक वाचकाला शोधता येतो आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कुंडली पाहता येते. दंडाची रक्कम बांधकाम व्यावसायिकांच्या दृष्टीने किरकोळ आहे, हे आम्ही जाणतो. फलकावर नोंदणी क्रमांक आला म्हणून फलकावरचे बाकीचे सारे खरे ठरते असेही नाही. तरीही वाट सापडली आहे. व्यवसायाचे डोळे आणि कायद्याचा हात एकत्र आले की, सभासद कोण आणि बिगरसभासद कोण हा वादच उरत नाही.

जे घरांच्या बाबतीत जमले ते औषधे, शिकवण्या आणि पैशाचे खेळ यांच्या बाबतीत का जमू नये? ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. जाहिरातीत चेहरा विकणाऱ्या नटांना व खेळाडूंना एक ते तीन वर्षे जाहिरातबंदीही करता येते. निकालाची खोटी मिरवणूक काढणाऱ्या अनेक शिकवणी संस्थांना या प्राधिकरणाने दंड केले आहेत. परंतु नटांच्या बाबतीत या अधिकाराचा धाक आम्हांस तरी दिसत नाही. वेलदोड्याच्या नावाखाली गुटख्याचे आणि सोड्याच्या नावाखाली मद्याचे नाव घरोघर पोचवले जातच आहे. पैशाच्या ऑनलाईन खेळांचे तर उदाहरण बोलके आहे. २०२० साली परिषदेने नियम केला की, या खेळांत आर्थिक धोका आहे आणि त्यांचे व्यसन लागू शकते, असा इशारा जाहिरातीत द्यावा. इशारा छापला गेला, घाईघाईने उच्चारलाही गेला, आणि घराघरांतील मुले कर्जबाजारी होत राहिली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर सरसकट बंदी घालावी लागली. तो कायदाही आता न्यायालयात आव्हानास सामोरा जात आहे. वेळीच मध्यम उपाय केला नाही की शेवटी टोकाचा करावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. परिषद राहावी, परंतु तिच्या संहितेला केवळ केबलपुरता नव्हे, तर छापील पान, रस्त्यावरचा फलक आणि मोबाईलचा पडदा या सर्वांसाठी कायद्याचा आधार द्यावा. तिने चुकीची ठरवलेली जाहिरात मागे न घेणारा, सभासद असो वा नसो, आपोआप केंद्रीय प्राधिकरणापुढे उभा राहावा आणि त्याला दंड व्हावा. संहिता मात्र संसदेच्या नजरेखालून गेलेली असावी. खासगी कंपनीने वेळोवेळी बदललेले नियम नागरिकांवर न वाचताच लादले जाऊ नयेत. तक्रार मंडळावरील बाहेरच्या सभासदांची निवड व्यवसायाने नव्हे, तर स्वतंत्र समितीने करावी. निर्णयाविरुद्ध अपील जाहिरातदाराला तसेच तक्रारदारालाही असावे. आणि जेथे ग्राहकाचे नुकसान झाले तेथे नुसती जाहिरात मागे घेऊन भागू नये. जितक्या मोठ्या अक्षरांत खोटे छापले तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापली जावी.

ख्रिस्तसभेने या प्रश्नी मौन पाळलेले नाही. सामाजिक संपर्कासाठी असलेल्या परमधर्मपीठीय परिषदेने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी जाहिरातींतील नीतिमत्तेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी या तीन कसोट्या त्यात सांगितल्या आहेत. व्यवसायाने स्वेच्छेने केलेल्या आचारसंहितांचे त्यात स्वागत आहे. परंतु ती पाळण्याची जाहिरातदारांची जितकी तयारी तितकेच त्या संहितांचे मोल, हेही त्यात बजावले आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. ती साक्ष कोर्टाच्या पिंजऱ्यात दिलेली असो की रंगीत पानावर छापलेली, आज्ञा एकच आहे. आणि जो साक्ष विकत देतो, जो छापतो आणि जो पैसे घेऊन तिला आपला चेहरा देतो, ते सारेच तिच्या कक्षेत येतात.

हीच कसोटी आपल्या अंगणातही लावली पाहिजे. चर्चच्या सणाची स्मरणिका असो, शाळेच्या प्रवेशाचे पत्रक असो किंवा समाजाचे नियतकालिक असो, पान भरायचे आहे म्हणून कोणतीही जाहिरात घेणे आपल्याला शोभणारे नाही. मद्यविक्रेत्याच्या शुभेच्छांखाली संतांचे चित्र छापायचे आणि व्यासपीठावरून व्यसनमुक्तीचे प्रवचन द्यायचे, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

शेवटी, वाचकबंधुभगिनींनो, न्यायालये आपला न्याय यथाकाल करतील. संसद केव्हा जागी होईल हे तिचे तिला ठाऊक. परंतु तक्रार करण्याचा अधिकार आज, या घटकेस, आपल्या हाती आहे. परिषदेकडे तक्रार पाठवण्यास पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तो तोंडपाठ करण्यास फार कष्ट नाहीत. धर्मग्रामातील तरुणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून पाच जाहिराती पारखाव्यात आणि जी खोटी आढळेल तिच्याविरुद्ध लेखी तक्रार करावी. महिला मंडळाने औषधांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आपल्यातील वकिलांनी व डॉक्टरांनी त्यांना साहाय्य करावे. तक्रारदारच नसेल तर सर्वांत उत्तम न्यायाधीशही रिकाम्या दालनात बसून राहतो. आणि पाय गमावलेल्या त्या गृहस्थांच्या पत्नीच्या प्रश्नाला, पेपरात छापले होते ना, या प्रश्नाला, समाज म्हणून आपल्याला उत्तर द्यायचे असेल, तर ते या तक्रारींतूनच द्यावे लागेल.